तळटीप : ‘चार बांगला’

‘चार बांगला’ वाचून मराठी वाचकाला अंधेरीचे चार बंगले आठवतील. पण ही आहेत मुर्शिदाबाद जिल्ह्यात, भागीरथीकाठच्या बडनगर गावातली चार शिवमंदिरे. नाटोरच्या राणी भवानीने ती १८व्या शतकात बांधवली. एका चौकाभोवती ती एकमेकांकडे तोंड करून उभी आहेत. प्रत्येकाला तीन कमानी, आत तीन शिवलिंगे. भाजलेल्या मातीच्या फलकांवरचे रामायणातले प्रसंग लक्ष वेधून घेत असले, तरी नावाचा उलगडा भिंतींत नाही, छपरात आहे. ‘बांगला’ म्हणजे बंगाली खेड्यातली दुपाखी झोपडी. तिचे आढे मधोमध उंचावते आणि वळचण दोन्ही टोकांना झुकते. बांबू वाकतो, म्हणून तिथे हा बाक आपसूक येतो; विटेला तो मुद्दाम द्यावा लागतो.

पावसाचे पाणी निथळावे म्हणून हा बाक दिला, असे कोणी म्हणेल. पण पाण्याला उतार पुरतो. त्यासाठी वळचण कमानदार असावी लागत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : असाच बाक १५व्या शतकात पांडुआच्या एकलाखी मकबऱ्यावर दिसतो, मग मंदिरांनी तो सुलतानी इमारतींवरून उचलला नसेल कशावरून? उचलला असेलही. पण त्या गवंड्यांपुढेही नमुना झोपडीचाच होता. शिवाय मंदिराने नुसती वळचणीची रेषा घेतली नाही. अख्खे दुपाखी छप्पर घेतले आणि नावही. आपला ‘बंगला’ त्याच शब्दाचा वंशज. ऐटीची खूण ठरलेल्या या शब्दाचे मूळ असे गवताने शाकारलेल्या घरात आहे.