विमानं भरलेली, पायलट कमी. मग लायसन्स हातात असलेले तरुण घरी का?

२५ मार्च २०२० पासून देशांतर्गत प्रवासी विमानसेवा बंद झाली. तेव्हा विमानं होती, पायलट होते, पण प्रवासी नव्हते.

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात याच्या बरोब्बर उलटं घडलं. लग्नसराई सुरू होती, विमानतळ प्रवाशांनी भरलेले होते आणि विमानंही उभी होती. पण नव्या नियमांप्रमाणे ड्युटी लावायला इंडिगोकडे पुरेसे पायलट नव्हते. ५ डिसेंबरला एकाच दिवसात कंपनीची एक हजाराहून जास्त उड्डाणं रद्द झाली.

या दोन तारखांमध्ये पावणेसहा वर्षांचं अंतर आहे. ज्या क्षेत्रात पायलटना बिनपगारी घरी बसवलं गेलं, तिथेच आता पायलट कमी पडतायत. 'भारताला ३० हजार पायलट हवेत' असं सांगणारे रील्स तुम्हीही पाहिले असतील. आणि त्याच वेळी, लायसन्स हातात असूनही एक-दोन वर्षं नोकरीची वाट पाहणारे तरुणही आहेत.

मग खरं काय? तर दोन्ही खरं आहे. कसं, ते समजून घेऊ.

कोरोनात नेमकं काय झालं?

२०१९ मध्ये जगभरात सुमारे ४५० कोटी विमान प्रवासी होते. २०२० मध्ये हा आकडा १८० कोटींवर आला, म्हणजे एका वर्षात ६० टक्के घट. विमान कंपन्यांसाठी तो इतिहासातला सगळ्यात वाईट काळ ठरला.

भारतात देशांतर्गत उड्डाणं दोन महिन्यांनी, २५ मे २०२० ला सुरू झाली, तीही मर्यादित संख्येने. नियमित आंतरराष्ट्रीय सेवा पूर्ववत व्हायला तर २७ मार्च २०२२ उजाडला.

विमान उडालं नाही तरी त्याचं भाडं चुकत नाही. बहुतेक कंपन्यांची विमानं भाडेतत्त्वावर असतात, त्यामुळे हप्ते सुरूच राहतात. मग कात्री लागते ती माणसांना. जुलै २०२० मध्ये इंडिगोने १० टक्के कर्मचारी कमी करण्याची घोषणा केली. तेव्हा सरकारी मालकीच्या असलेल्या एअर इंडियाने पाच वर्षांपर्यंत बिनपगारी रजेची योजना आणली.

पायलटसाठी आणखी एक अडचण होती. त्यांच्या पगाराचा मोठा भाग उड्डाणाच्या तासांशी जोडलेला असतो. उड्डाण नाही तर तो भागही नाही. शिवाय प्रवासी घेऊन उडायचं असेल तर आधीच्या ९० दिवसांत किमान तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग केलेली असावी लागतात. घरी बसलेल्या पायलटला परत कॉकपिटमध्ये बसण्याआधी सिम्युलेटरवर हात बसवावा लागतो.

जेट एअरवेज तर कोरोनाच्या आधीच, १७ एप्रिल २०१९ ला बंद पडली होती. तिथून बाहेर पडलेल्या अनेकांना काही महिन्यांतच दुसरा फटका बसला.

मग इतक्या लवकर सगळं सुरळीत कसं झालं?

'आता मीटिंग झूमवर होणार, विमानाने कोण जाणार?' असं तेव्हा अनेक जण म्हणत होते. भारतातल्या देशांतर्गत प्रवाशांचे आकडे वेगळं सांगतात:

• २०१९: सुमारे १४.४ कोटी
• २०२०: ६.३ कोटी
• २०२१: ८.४ कोटी
• २०२२: १२.३ कोटी
• २०२३: १५.२ कोटी
• २०२४: १६.१ कोटी

म्हणजे चौथ्या वर्षी आपण कोरोनाआधीच्या पुढे गेलो. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे गेली. ऑगस्ट २०२२ मध्ये आकासा सुरू झाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० विमानांची, तर जूनमध्ये इंडिगोने एकाच वेळी ५०० विमानांची ऑर्डर दिली. डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी सेवाही सुरू झाली.

विमानांचे आकडे वाढले, तशी पायलटची मागणीही वाढली. येत्या २० वर्षांत भारतासह दक्षिण आशियाला ३१ हजार पायलट लागतील, असा अंदाज बोइंगने २०२३ मध्ये वर्तवला. रील्समधला आकडा साधारण इथून येतो.

पण हा अंदाज २० वर्षांचा आहे. सरासरी काढली तर वर्षाला दीड हजाराच्या आसपास. आणि २०२३ या एकाच वर्षात भारतात दिली गेलेली व्यावसायिक पायलट लायसन्स होती १६२२.

तुटवडा आहे, पण नेमका कोणाचा?

प्रवासी विमानाच्या कॉकपिटमध्ये दोन जण असतात. डावीकडे कॅप्टन, उजवीकडे फर्स्ट ऑफिसर. नवा पायलट उजवीकडच्या सीटवरून सुरुवात करतो. उड्डाणाची अंतिम जबाबदारी कॅप्टनवर असते.

व्यावसायिक लायसन्स, म्हणजे सीपीएल, २०० तासांच्या उड्डाणावर मिळतं. कॅप्टन व्हायला लागतं एटीपीएल आणि त्यासाठी किमान १५०० तास हवेत. मधले १३०० तास आणायचे कुठून? नोकरी करूनच. नियमानुसार पायलट वर्षाला १००० तासांपेक्षा जास्त उडू शकत नाही आणि प्रत्यक्षात त्यापेक्षा कमीच उडतो. शिवाय कंपन्यांच्या स्वतःच्या अटी, परीक्षा आणि प्रशिक्षण असतं. त्यामुळे कॅप्टन तयार व्हायला अनेक वर्षं जातात.

कोरोनात ही साखळी तुटली. जे तेव्हा भरती झाले नाहीत, ते आज कॅप्टन झालेले नाहीत.

कॅप्टन नाही, तर नव्या फर्स्ट ऑफिसरला बसवणार कोणाशेजारी? नवख्यांना शिकवायला तर आणखी अनुभवी, प्रशिक्षक कॅप्टन लागतात. सिम्युलेटरही मोजकेच आहेत. म्हणून वरच्या पायरीवर माणसं मिळत नाहीत आणि खालच्या पायरीवर रांग लागलेली असते.

अनुभवी माणूस सोडून जाऊ नये म्हणून नियमही तसेच आहेत. भारतात कॅप्टनला नोकरी सोडताना एक वर्षाची आणि फर्स्ट ऑफिसरला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते.

अमेरिकेतही असंच झालं?

हो, फक्त रस्ता वेगळा होता. तिथल्या सरकारने कंपन्यांना पगारासाठी अब्जावधी डॉलर्सची मदत दिली. तरीही खर्च कमी करायला कंपन्यांनी ज्येष्ठ पायलटना मुदतपूर्व निवृत्तीची ऑफर दिली आणि हजारो अनुभवी पायलट घरी गेले. २०२२ मध्ये प्रवासी परत आले, पायलट परतले नाहीत. लहान शहरांच्या फेऱ्या कमी झाल्या. उरलेल्यांची किंमत मात्र वाढली. २०२३ मध्ये डेल्टा एअरलाइन्सच्या पायलटनी चार वर्षांत ३४ टक्के पगारवाढीचा करार पदरात पाडून घेतला.

डिसेंबर २०२५ मध्ये काय बिघडलं?

कमी पायलटमध्ये जास्त उड्डाणं करायची तर उरलेल्यांवर ताण येणारच. ऑगस्ट २०२३ मध्ये नागपूर विमानतळावर पुण्याच्या विमानाची तयारी करत असलेला एक पायलट बोर्डिंग गेटजवळ कोसळला आणि त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर पायलटच्या आरोग्याची आणि थकव्याची चर्चा वाढली.

जानेवारी २०२४ मध्ये नागरी हवाई वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीएने ड्युटीचे नवे नियम जाहीर केले. मुख्य बदल तीन होते:

• आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास
• 'रात्र' म्हणजे १२ ते ५ ऐवजी १२ ते ६
• रात्रीच्या ड्युटीत सहाऐवजी जास्तीत जास्त दोन लँडिंग

विमान कंपन्यांचा याला विरोध होता. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि नियम दोन टप्प्यांत लागू झाले, १ जुलै आणि १ नोव्हेंबर २०२५ ला. म्हणजे तयारीला जवळपास दोन वर्षं मिळाली. तरीही देशातले ६० टक्क्यांहून जास्त प्रवासी नेणाऱ्या इंडिगोचं वेळापत्रक महिनाभरात कोसळलं. शेवटी सरकारने इंडिगोला काही नियमांमधून तात्पुरती सूट दिली आणि तिची उड्डाणं १० टक्क्यांनी कमी करायला लावली.

विश्रांतीचा नियम नीट पाळायचा तर तेवढ्याच उड्डाणांना जास्त पायलट लागतात. म्हणजे हे नियम टिकले तर नव्या भरतीला वाव आहे. पुन्हा सूट मिळत गेली, तर आहे त्याच माणसांवर गाडा ओढला जाईल.

ऑर्डर एवढ्या आहेत, मग नोकऱ्या का नाहीत?

कारण ऑर्डर म्हणजे विमान नव्हे. कोरोनानंतर सुट्या भागांची साखळी विस्कळीत झाली आणि एअरबस, बोइंगकडून विमानं उशिरा येतायत. प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांमधल्या दोषांमुळे उडणारी विमानंही उभी राहिली. याच इंजिनांकडे बोट दाखवत गो फर्स्ट मे २०२३ मध्ये बंद पडली. कागदावर भरभराट सुरू असतानाच एका अख्ख्या कंपनीचे पायलट रस्त्यावर आले.

कंपनी भरती करते ती आलेल्या विमानाकडे बघून, ऑर्डरच्या बातमीकडे बघून नाही.

खर्च किती येतो?

बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित, डीजीसीएच्या परीक्षा, वैद्यकीय तपासणी आणि २०० तासांचं उड्डाण, असा सीपीएलचा मार्ग आहे. खर्च साधारण ५० लाखांपासून सुरू होतो. विमान कंपन्यांच्या कॅडेट प्रोग्रॅममध्ये तो एक कोटीच्या घरात किंवा वरही जातो. शिवाय एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ सारखं ठरावीक विमान उडवायला टाइप रेटिंग लागतं, त्याचे आणखी १५ ते २५ लाख.

एक साधा हिशेब करू. ६० लाखांचं कर्ज, ११ टक्के व्याज आणि १० वर्षांची मुदत धरली तर महिन्याचा हप्ता होतो सुमारे ८२ हजार रुपये. नोकरी दोन वर्षं उशिरा मिळाली, तर हे पैसे वडिलांच्या पगारातून, शेतीतून किंवा घर गहाण ठेवून येतात.

महाराष्ट्रात गोंदिया, बारामती, शिरपूर आणि नागपूर इथे प्रशिक्षणाची सोय आहे. अमरावतीत बेलोरा विमानतळावर एअर इंडियाने वर्षाला १८० पायलट घडवणारी संस्था जाहीर केली आहे. जागा वाढतायत, म्हणजे उजवीकडच्या सीटसाठीची रांगही वाढणार आहे.

एआय पायलटची नोकरी खाईल का?

इतक्यात तरी नाही. उड्डाणाच्या मधल्या टप्प्यात कॉकपिटमध्ये एकच पायलट ठेवता येईल का, याचा अभ्यास युरोपच्या हवाई सुरक्षा यंत्रणेने केला. आजच्या विमानांमध्ये दोन पायलटइतकी सुरक्षितता त्यातून मिळेल असं सिद्ध होत नाही, असा निष्कर्ष २०२५ मध्ये निघाला. पायलटच्या नोकरीला खरा धोका रोबोटपेक्षा साथ, युद्ध, इंधनाचे भाव आणि बुडणाऱ्या कंपन्यांचा आहे.

पैसे भरण्याआधी काय तपासायचं?

• डीजीसीएची क्लास १ मेडिकल आधी पास करा, फी नंतर भरा. त्यात अडकलात तर पुढचा सगळा खर्च वाया जातो.
• फ्लाइंग स्कूलकडे किती विमानं आहेत, त्यातली किती आज उडतायत आणि २०० तास पूर्ण व्हायला गेल्या बॅचला किती महिने लागले, हे विचारा. डीजीसीएने २०२५ पासून या संस्थांची क्रमवारी सुरू केली आहे, तीही पाहा.
• '१०० टक्के प्लेसमेंट' म्हणत असतील तर ते लेखी मागा. कॅडेट प्रोग्रॅमच्या करारात 'नोकरी कंपनीच्या गरजेनुसार' अशी अट आहे का, ते वाचा.
• टाइप रेटिंगचा खर्च फीमध्ये धरलाय का, ते विचारा. नोकरीची ऑफर नसताना स्वतःच्या पैशाने ते करण्याआधी दहादा विचार करा. कंपन्यांच्या ताफ्यात कोणतं विमान वाढतंय, ते बदलत असतं.
• किमान दोन वर्षं नोकरीशिवाय हप्ते कसे भरणार, याचा हिशेब घरच्यांसोबत बसून कागदावर मांडा.
• दुसरी पदवी हातात ठेवा. २०२० मध्ये घरी बसलेल्यांपैकी ज्यांच्याकडे दुसरं काही होतं, त्यांना तो काळ तुलनेने सोपा गेला.

हे वाचून पायलट व्हायचंच नाही, असं ठरवू नका. भारतात विमान प्रवास वाढतोय आणि पायलट लागणारच आहेत. भारतातल्या पायलटमध्ये महिलांचं प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास आहे, जागतिक सरासरीच्या कितीतरी पुढे. कॅप्टन झाल्यावरचा पगारही खरा आहे. फक्त रीलमध्ये दिसतो तो डाव्या सीटवरचा माणूस असतो. तुम्ही कर्ज काढणार आहात ते उजव्या सीटच्या रांगेत उभं राहण्यासाठी. ती रांग आज किती लांब आहे, हे फ्लाइंग स्कूलच्या काउन्सेलरला नाही, तर तिथून दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या मुलामुलींना विचारा.