शून्य किती पावलांवर?

काही वर्षांपूर्वी बिदर जिल्ह्यातील भालकी तालुक्यात मेहकरला जाण्याचा योग आला. हे मेहकर बुलढाण्याचे नव्हे. हा भाग 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होता. भाषावार प्रांतरचनेत उदगीर, अहमदपूर, निलंगा तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले आणि भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूरकडे. घराघरांत मराठी मात्र तशीच राहिली. गोव्याच्या माणसाला बिदर तसे परके नाही. 1472 साली विजयनगरकडून गोवा जिंकून घेणारा बहमनी वजीर महमूद गवान बिदरचाच. त्याच्या मदरशाची भव्य इमारत आजही तिथे उभी आहे. औरंगजेबाच्या काळात तिथे दारूचा स्फोट झाला आणि इमारतीचा मोठा भाग कोसळला.

ज्यांच्याकडे मी उतरलो होतो, त्या घरातल्या आजोबांनी रात्री जेवणानंतर वडिलांच्या शिकारीच्या गोष्टी काढल्या. निजामाच्या राज्यातले दिवस, घरात एक ठासणीची बंदूक. (आपल्याकडे हिलाच केपाची बंदूक म्हणतात.) मी सहज विचारले, "नेम किती लांबपर्यंत लागायचा?" आजोबा हसले. म्हणाले, "पाव्हणं, लांडगा माळावर असतो, बिबट्या तुरीत. दोघांला एक नेम कसा चालंल?"

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिले. परत आल्यावर मी या विषयावर जमेल तेवढे वाचले आणि लक्षात आले की आजोबा एका वाक्यात जे बोलून गेले, त्यावर एकोणिसाव्या शतकात इंग्रज शिकाऱ्यांनी ग्रंथ लिहिले होते.

मुद्दा साधा आहे. गोळी सरळ जात नाही. नळीतून सुटल्या क्षणापासून ती खाली पडू लागते. सेकंदाला 450 मीटर वेगाने सुटलेली गोळी 50 मीटरवर सुमारे 6 सेंटीमीटर खाली येते, 100 मीटरवर 24. म्हणजे अंतर दुप्पट, तर घसरण चौपट. हवेचा अडथळा धरला तर आणखी जास्त. म्हणून नळी दृष्टिरेषेपेक्षा किंचित वर रोखलेली ठेवावी लागते. मग गोळी ती रेषा दोनदा ओलांडते: एकदा अगदी जवळ, वर चढताना आणि दुसऱ्यांदा दूर, खाली उतरताना. या दुसऱ्या ठिकाणी नेम आणि मार एक होतात. तेच त्या बंदुकीचे शून्य.

हे शून्य कुठे ठेवायचे? वरचीच गोळी घेऊ. शून्य 50 मीटरवर ठेवले तर 100 मीटरवर मार बारा सेंटीमीटर खाली जातो. बिबट्याच्या काळजावर धरलेली शिस्त त्याच्या पायाला लागते. शून्य 100 वर ठेवले तर 50 मीटरवर गोळी सहा सेंटीमीटर वर जाते. पण ते 80 वर ठेवले तर 40 मीटरवर चार सेंटीमीटर वर आणि 100 मीटरवर पाच सेंटीमीटर खाली, एवढाच फरक उरतो. म्हणजे शंभर मीटरपर्यंत शिकाऱ्याला अंतराचा हिशेबच करावा लागत नाही. काळजावर शिस्त धरायची आणि बार काढायचा. जनावराचा मर्मभाग केवढा आणि ते साधारण किती लांब दिसणार, या दोन गोष्टींवरून शून्य ठरते.

आता आजोबांचे बोलणे उलगडते. बिदरचा माळ उघडा. लांडगा माणसाला लांबून पाहतो आणि तेवढेच अंतर राखून पळतो. बिबट्या मात्र उभ्या पिकात किंवा मचाणाखाली बांधलेल्या बकऱ्याजवळ, वीस-पंचवीस पावलांवर येतो, तोही अंधारात. आपल्या सत्तरीच्या रानात तर दहा पावलांपलीकडचे दिसणेच मुश्कील. शून्य जमीन ठरवते, बंदूक नव्हे. ठासणीच्या गुळगुळीत नळीतून सुटलेल्या वाटोळ्या गोळीचा पन्नास-साठ पावलांपलीकडे भरवसा नसे, त्यामुळे तिचा मालक लांडग्याच्या नादी सहसा लागतच नसावा.

इंग्रजांच्या फौजेचा विचार वेगळा होता. 1853 च्या एनफिल्ड बंदुकीवर नऊशे यार्डांपर्यंतच्या खुणा होत्या. ज्या काडतुसांनी 1857 चा भडका उडाला, ती याच बंदुकीची. (काडतूस हा शब्द आपल्याला पोर्तुगीजांनी दिला, हे जाता जाता.) ती जड, लांबट गोळी कमानीसारखी उंच जाऊन खाली येई. समोर अख्खी पलटण असेल तर ते चालते. मध्य प्रांतात काम केलेल्या जेम्स फॉर्सिथ नावाच्या अधिकाऱ्याने शिकारीच्या रायफलीवर 1863 साली पुस्तक लिहून याच्या उलट बाजू मांडली. जंगलात गोळी घाईत आणि थोड्या अंतरावरून झाडावी लागते, अंतर मोजायला वेळ नसतो. तेव्हा दारू जास्त घाला, वेग वाढवा, मार्ग सपाट करा, असे त्याचे म्हणणे.

हा नुसता हौशी लोकांचा वाद नव्हता. चुकलेल्या गोळीचे मोल भलत्याच माणसाला द्यावे लागे. जिम कॉर्बेटने 1907 साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. तिने 436 माणसे मारल्याचे सांगतात. तिचे उजव्या बाजूचे वरचे-खालचे सुळे तुटलेले होते. कॉर्बेटच्या मते ती जुन्या गोळीची जखम होती. कुणीतरी कधीतरी केलेली ती वीतभर चूक, आणि किंमत मोजली गवत कापायला गेलेल्या बायकांनी. शिस्त हा शब्द मराठीत आधी नेमाला होता, मग वागणुकीला लागला. मला तो प्रवास फार अर्थपूर्ण वाटतो.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वाघ-बिबट्याची शिकार थांबवली. अंतराचा प्रश्न मात्र संपला नाही. आज वनखात्याचा डॉक्टर भुलीची सुई मारतो. ती गोळीपेक्षा कितीतरी हळू जाते, म्हणून लवकर पडते. प्रत्येक अंतराला दाब बदलावा लागतो. अंदाज चुकला तर सुई हाडावर बसते किंवा जनावर बिथरून गावात शिरते. यवतमाळच्या अवनी वाघिणीवर 13 बळींचा ठपका होता. 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री तिला गोळी घातली गेली, तेव्हा सुई नीट मारली होती का, यावरच मोठा वाद पेटला.

आणि आपण? आपल्या गोव्यात वाघाला वाघ्रो म्हणून पुजतात. रानावनात त्याच्या दगडी मूर्ती आहेत. त्याच सत्तरीत 2009 साली केरीचा वाघ मारला गेला आणि जानेवारी 2020 मध्ये गोळावलीला एक वाघीण तीन बछड्यांसह मेलेली सापडली. त्या वेळी ज्याची गुरे गेली होती, त्या धनगराच्या भरपाईचाही प्रश्न पुढे आला होता. देव किती पावलांवर असावा आणि जनावर किती पावलांवर, हे आपण अजून नीट ठरवलेले नाही.

मेहकरच्या आजोबांना निघताना विचारले, वडिलांनी शेवटचा बार कधी काढला? म्हणाले, "बिबट्यावर धरली व्हती. अंतर समजंना. मग न्हाईच वडला घोडा." आणि पुढे म्हणाले, "ते बरं केलं त्येंनी."