इन्सुलिनोमा : ओळख आणि आधार

पहाटे हाका मारूनही माणूस लवकर उठत नाही. उठला तरी बरळतो, कपडे घामाने भिजलेले असतात. साखरपाणी पोटात गेले की थोड्या वेळात भानावर येतो आणि घडलेले त्याला आठवत नाही. घरचे याला कधी ताण म्हणतात, कधी बाहेरची बाधा. काहींना वर्षानुवर्षे फिटच्या गोळ्या चालू राहतात. यातल्या काहींच्या स्वादुपिंडात गरज नसतानाही इन्सुलिन स्रवत राहणारी, बहुधा दोन सेंटिमीटरहून लहान गाठ असते. तिचे नाव इन्सुलिनोमा. वर्षाला दहा लाखांत एक ते चार जणांना होणाऱ्या या आजाराची ओळख हे पुस्तक करून देते.

या विषयाचा इतिहास फार जुना नाही. १९२१ मध्ये टोरोंटोत इन्सुलिनचा शोध लागला. १९२७ मध्ये मेयो क्लिनिकमधील विल्डर आणि सहकाऱ्यांनी अशा गाठीचा आणि उतरत्या साखरेचा संबंध दाखवला. १९२९ मध्ये टोरोंटोतच रॉस्को ग्रॅहम यांनी गाठ काढून रुग्ण बरा केला. पुढे न्यूयॉर्कचे सर्जन अ‍ॅलन व्हिपल यांनी निदानाच्या तीन कसोट्या घालून दिल्या : साखर उतरल्याची लक्षणे, त्याच वेळी रक्तात साखर कमी असणे आणि साखर दिल्यावर लक्षणे जाणे.

यातली पहिली आणि तिसरी कसोटी घरच्यांच्या डोळ्यांदेखत घडते. म्हणून ‘पहाटे साडेचार, जीभ जड, दाराची कडी सापडेना, साखर ४१, सरबतानंतर पंधरा मिनिटांत ठीक’ अशी वहीतली एक ओळ डॉक्टरांना मोलाची असते. त्यानंतर रुग्णालयात, देखरेखीखाली, जास्तीत जास्त ७२ तासांचा उपवास करवतात. साखर उतरताच इन्सुलिन आणि सी-पेप्टाइड तपासतात. इन्सुलिन शरीरातच तयार झाले की बाहेरून टोचले गेले, हे सी-पेप्टाइडवरून कळते. सुमारे नव्वद टक्के गाठी कर्करोगाच्या नसतात आणि शस्त्रक्रियेने बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. आजार पसरलेल्या निवडक रुग्णांसाठी मुंबईत परळला ल्युटेशियमचे किरणोत्सारी उपचारही मिळतात.

निदान होईपर्यंतचा काळ मात्र कठीण. साखर सावरण्यासाठी सतत खावे लागते, वजन वाढते आणि वर ‘खादाड’ हा शिक्का बसतो. म्हणूनच घरच्यांची साथ आम्ही उपचाराचाच भाग मानली आहे. रात्रीच्या खाण्याची वेळ कोणी सांभाळायची, कचेरीत कोणाला सांगून ठेवायचे, खिशातल्या चिठ्ठीत काय लिहायचे, हे शेवटच्या प्रकरणात दिले आहे. रुग्णाच्या घरच्यांनी तिथूनच वाचायला सुरुवात करावी. विद्यार्थ्यांनीही ते प्रकरण टाळू नये. रुग्णाला कोणते प्रश्न विचारायचे, हे त्यातूनच कळेल.