आवाज गल्लीपर्यंत येते

रविवारची उपासना संपली आहे. आलापल्लीच्या चौकातून अहेरी, सिरोंचा आणि भामरागडकडे जाणारे रस्ते सोडून तुम्ही आष्टीच्या रस्त्याने पायी निघाला आहात, कारण इतक्यात घरी जायचे नाही. मंडळी म्हणजे दहा-पंधरा माणसे. कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या घरी माडिया, उपासना मराठीत. आजची प्रार्थना तुम्ही चालवलीत. नंतर दारातल्या ढिगातून आपली चप्पल शोधता शोधता एक म्हातारी म्हणाली, "भाऊ, तुमी प्रार्थनेले उभे राहता तं बरं वाटते. पण घरी तुमचा आवाज गल्लीपर्यंत येते."

ऐकणाऱ्यांपैकी कुणीही "असं काही नाही" म्हणाले नाही. पुढच्या रविवारपासून प्रार्थना चालवायची नाही, असे तुम्ही तिथेच ठरवून टाकलेत.

मार्च आहे. मोहाचा गोड, जड वास सुटला आहे. सागाच्या सावलीत तुम्ही मान खाली घालून चालत राहता, आणि पायांखालचे डांबर कधी संपले ते कळत नाही. समोर धुळीची गाडवाट. 1893 साल. गडचिरोली जिल्हा जन्माला यायला अजून एकोणनव्वद वर्षे आहेत. हा सगळा चांदा जिल्हा, आणि तुम्ही उभे आहात ती अहेरी जमीनदारी. मागून एक रेंगी येते. गाडीवान काही न विचारता सरकून जागा देतो.

आष्टीपाशी वैनगंगा डोंग्यातून ओलांडावी लागते. मग चांदा, गोंड राजांचा परकोट, जटपुरा दरवाजा. शहरात स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चचे मिशन आहे, पण तुम्हाला तिथे थांबायचे नाही. वरोऱ्याला कोळशाची खाण आणि खाणीसाठी आलेली रेल्वे. तिथून वर्धा, वर्ध्याहून नागपूर. हाडे खिळखिळी झाली आहेत, आणि तुम्ही पुन्हा एका डब्यात चढता. ही गाडी राजनांदगावची.

समोर एकतिशीतला, तरतरीत चेहऱ्याचा, जरा अस्वस्थ गृहस्थ बसला आहे. नारायण वामन टिळक. (आडनावावरून लोकमान्य आठवतील, ते हे नव्हेत. हे कवी.) अप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम करायला ते नागपूरला आले आणि मनाजोगता धर्म सापडेना म्हणून तळमळत राहिले. डब्यात एक गोरा प्रवासी आहे. तो अदबीने जागा करून देतो, आणि गोष्टी निघतात त्या संस्कृत काव्याच्या. उतरण्यापूर्वी तो टिळकांच्या हातात नवा करार ठेवतो, वाचायचे वचन घेतो आणि सांगून टाकतो की दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. असली भविष्यवाणी मिशनऱ्यांच्या पत्रकात वाचली असती तर मी हसून सोडून दिली असती. पण ही खुद्द टिळकांच्या घरातून आलेली हकीकत आहे.

टिळक वाचू लागतात. डोंगरावरील प्रवचनापाशी ते अडकतात, तिथून त्यांना निघवत नाही. तुम्हीही त्यांच्या खांद्यावरून वाचता. हे अध्याय तुम्हाला पाठ आहेत, तरी एका ठिकाणी तुमची नजर अडते. खुनाविषयी बोलता बोलता येशू रागावर येतो आणि भावावर रागावणाऱ्यालाही त्याच न्यायासनापुढे उभे करतो. तुम्ही टिळकांकडे पाहता. या माणसाच्या घरीही आवाज गल्लीपर्यंत जातो. वडील वामनराव भयंकर संतापी. आईवर त्यांनी हात-पाय उचलले, ती अकाली गेली, आणि हा मुलगा कोवळ्या वयात घर सोडून निघाला. तोच संताप रक्तातून त्याच्याकडे आला. शिवाय पैसा हातात टिकत नाही, मनात आले की न सांगता घरातून निघून जायची सवय. बायको लक्ष्मी हे सगळे सोसते आहे. पुढे ती ते लिहूनही ठेवणार आहे.

गाडी पुढे सरकते तशी वर्षेही सरकतात.

10 फेब्रुवारी 1895, मुंबई. टिळकांनी आग्रह धरला आहे की बाप्तिस्मा देणारा हात देशी माणसाचा हवा. तो तुकाराम नथोजींचा आहे. तुम्ही मागच्या बाकावर बसला आहात. तिकडे नाशिक-जलालपूरकडे, माहेरच्या माणसांत, लक्ष्मीबाईंपर्यंत ही बातमी पोचायची आहे. ती पोचते तेव्हा त्या घरावर काय कोसळते ते पाहायचे असेल तर त्यांचे आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' उघडा. माझ्या शब्दांत ते सांगण्याचे धाडस मी करणार नाही.

यानंतर चार-पाच वर्षे नवरा-बायको वेगळे. पोटासाठी बाटला, असे लोक म्हणतात. तुम्हाला वाटते, हा माणूस आता कुणाकुणाला तोंड देणार? पण नीट पाहा. बाहेरच्या टीकेने टिळक डगमगत नाहीत, ती तर त्यांना चेव आणते. जिच्या आयुष्याची वाताहत केली ती बाई पंढरपुरात विठोबाच्या दारी दिवस काढते आहे, हे त्यांना पोळते. ते जाऊन भेटतात, पत्रे लिहितात, कविता लिहितात.

आपल्याकडे एक जुनी खोड आहे. देवाधर्माचे काम करणारा माणूस आधी निर्दोष असला पाहिजे, नाहीतर त्याने गप्प बसावे. तुम्हीही आज सकाळी याच खोडीपायी निर्णय घेतलात. पण ज्या पुस्तकावरून तुम्ही मंडळीला शिकवता त्यात पेत्राचे काय झाले? कोंबडा आरवण्याआधी त्याने तीनदा गुरूला नाकारले. पुढे सरोवराकाठी गुरूने त्याला तीनदाच विचारले, माझ्यावर प्रीती करतोस का, आणि मेंढरे राखायचे काम दिले. पुढचे मात्र प्रवचनांत क्वचितच येते. अंत्युखियात पेत्र पुन्हा घसरला. यरुशलेमहून माणसे आली तसा तो विदेशी विश्वासणाऱ्यांच्या पंक्तीतून हळूच उठला. पौलाने सर्वांदेखत त्याला झापले. आणि पौलाचे खरे होते! म्हातारीचेही खरे आहे. टीका खोटी असेल तर सोसायला फारसे लागत नाही, खरी असेल तेव्हाच पळावेसे वाटते.

1900 साली राहुरीत लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा होतो. टिळकांनी ओढून आणलेल्या नाहीत त्या. शिवाशिवीचा गुंता त्यांनी स्वतःच्या बुद्धीने, स्वतःच्या सवडीने सोडवला आहे. त्यांच्या डोळ्यांत तुम्हाला भोळा भाविकपणा दिसत नाही, मिश्कीलपणा दिसतो. बाप्तिस्म्याच्या पाण्याने नवऱ्याचा स्वभाव धुऊन निघाला असे ही बाई कुठेही म्हणत नाही. तो झटकन पेटतो, झटकन विझतो, मग ओशाळतो, आणि ती हे हसत सांगते. पण त्याच घरात पोरकी पोरे वाढतात, बालकवी ठोंबरे येऊन राहतो, आणि मराठी ख्रिस्ती मंडळ्या पुढे शंभर वर्षे गातील अशी भजने जन्म घेतात. आज सकाळी तुम्ही 'उपासना संगीत' उघडून गायलात त्या पानांत टिळकांचा वाटा फार मोठा आहे.

आता अहमदनगर. ख्रिस्ती झाले, पाळक झाले, तरी टीका थांबलेली नाही. ती आता आतून येते आहे. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे सांगणारा पाळक, चर्चमध्ये टाळ-वीणा घेऊन कीर्तन करणारा पाळक अनेकांना खटकतो. हिंदूंना तो बाटगा वाटतो, काही ख्रिस्त्यांना अर्धा हिंदू. दोन्हीकडून मार खाणाऱ्या मृदंगासारखी गत झाली आहे.

1917. टिळक अमेरिकन मराठी मिशनचा राजीनामा देतात. साताऱ्याला 'देवाचा दरबार' उभा राहतो. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तशिष्यांना त्यात जागा. मिशनऱ्यांना हे पचणे अवघड, आणि मला त्यांचीही बाजू समजते. बाप्तिस्म्याशिवाय शिष्य म्हटले तर मंडळीला कडा राहत नाही. टिळकांना ही अडचण कळत नव्हती असे नाही. त्यांनी मिशन सोडले, ख्रिस्ताला सोडले नाही, आणि मित्रही बरेचसे टिकवले. नाराज होऊन घरी बसण्याचा रस्ता छप्पन्नाव्या वर्षी त्यांनाही मोकळा होता.

दोन वर्षांनी, 9 मे 1919 रोजी, मुंबईत ते वारतात. त्यांच्याच इच्छेप्रमाणे दहन होते. मागे त्यांचे 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरे राहिले आहे, दहा-अकरा अध्यायांवर थांबलेले.

तुम्ही अजून निघू नका. 1934 मध्ये 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग छापून येतो तेव्हा तुम्हाला तिथे असायला हवे. गल्लीपर्यंत गेलेला तो आवाज लक्ष्मीबाईंनी आता साऱ्या महाराष्ट्राला ऐकवला आहे. राग, विक्षिप्तपणा, उधळेपणा, विसरभोळेपणा, काहीही गाळलेले नाही. आणि वाचणाऱ्याला टिळक लहान वाटत नाहीत. मी हे पुस्तक वाचताना प्रत्येक वेळी अडखळतो ते इथेच. झाकपाक करून लिहिले असते तर हाती एक फोटो आला असता, हार घातलेला. तिने माणूस दिला, आणि त्या माणसाने ख्रिस्ताचा नाद कसा सोडला नाही तेही दिले.

ही बाई त्याच सुमारास आणखी एक काम करते आहे. नवऱ्याचे अपुरे 'ख्रिस्तायन' तिने हाती घेतले आहे. पुढचे चौसष्ट अध्याय तिचे आहेत.