उबदार ध्वनी (गृहश्रवण)

उबदार ध्वनी म्हणजे घरगुती स्टीरिओ संचातून येणाऱ्या आवाजाचा भरदार, मऊ आणि दीर्घकाळ ऐकूनही कानाला न शिणवणारा गुण होय. ही संज्ञा मोजमापाचे एकक नसून श्रोत्याच्या अनुभवाचे वर्णन आहे. तरीही तिचा संबंध प्रामुख्याने दोन मोजता येण्याजोग्या बाबींशी जोडला जातो: सुमारे १०० ते ४०० हर्ट्झ या पट्ट्यात पुरेसे बळ असणे आणि सुमारे २,००० ते ५,००० हर्ट्झ या पट्ट्यात अतिरेक नसणे. याच्या उलट आवाजाला 'पातळ', 'कोरडा' किंवा 'कर्कश' म्हटले जाते.

पुणे शहरात या विषयाला हिंदुस्तानी संगीताच्या श्रवणपरंपरेची पार्श्वभूमी आहे. आकाशवाणीचे पुणे केंद्र आणि सवाई गंधर्व संगीत महोत्सव या दोहोंचा आरंभ १९५३ साली झाला. पुढे अलूरकर म्युझिक हाऊस या पुण्यातील प्रकाशन संस्थेने शास्त्रीय संगीताच्या ध्वनिफिती काढल्या आणि मैफलीतील गायन घराघरांत पोहोचले. त्यामुळे घरच्या संचाचा आवाज मैफलीतील तानपुऱ्याशी आणि गळ्याशी ताडून पाहणारा श्रोतृवर्ग येथे आढळतो.

सांगीतिक आधार

पुरुष गायकांमध्ये प्रचलित असलेल्या 'काळी एक' या पट्टीत मध्य सप्तकाचा षड्ज सुमारे १३९ हर्ट्झ, तर तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेचा मूलस्वर सुमारे ६९ हर्ट्झ असतो. स्त्री गायिकांच्या 'काळी चार' पट्टीत षड्ज सुमारे २०८ हर्ट्झवर येतो. म्हणजेच गायनाचा आधारस्वर बहुतांशी याच 'उबदार' पट्ट्यात पडतो. हा पट्टा क्षीण झाल्यास स्वर ओळखू येतो, पण गळ्याचे वजन हरवते.

तानपुऱ्याची जवारी मात्र वरच्या उपस्वरांवर अवलंबून असते. घोडीच्या वक्र पृष्ठभागामुळे तारेतून उपस्वरांची समृद्ध मालिका निर्माण होते, याकडे चं. वें. रामन यांनी १९२१ मध्ये लक्ष वेधले होते. त्यामुळे केवळ वरचे स्वर दाबून मिळवलेली ऊब ही खरी ऊब मानली जात नाही. तीत जवारी बुजते आणि तबल्याच्या चाटेची धार जाते.

खोलीचा प्रभाव

आवाजाच्या पोतावर उपकरणांइतकाच, पुष्कळदा अधिक, परिणाम खोलीचा होतो. १० × १२ फूट क्षेत्रफळाच्या आणि १० फूट उंचीच्या खोलीचे घनफळ सुमारे ३४ घनमीटर आणि पृष्ठभाग सुमारे ६३ चौरस मीटर भरतो. गिलावा केलेल्या भिंती, स्लॅब आणि फरशी यांचा सरासरी शोषण गुणांक ०.०४ धरल्यास सॅबिनच्या सूत्रानुसार रिकाम्या खोलीचा निनादकाल दोन सेकंदांहून अधिक येतो. घरगुती श्रवणासाठी तो साधारणतः ०.३ ते ०.६ सेकंद असणे इष्ट समजले जाते. निनाद लांबल्यास द्रुत तानांतील स्वर एकमेकांत मिसळतात आणि आवाज कर्कश वाटतो.

सतरंजी, गाद्या, जाड पडदे, गोधड्या आणि पुस्तकांची कपाटे यांनी निनाद कमी होतो. मात्र पातळ पडदा किंवा सतरंजी केवळ वरचे स्वर शोषते. खालच्या मध्यम स्वरांवर परिणाम होण्यासाठी जाड गाद्या, भरलेली गादीची बैठक किंवा भिंतीपासून काही अंतरावर बसवलेली शोषक तावदाने लागतात.

खोलीच्या मापांमुळे काही खर्ज स्वर फुगतात. दहा फुटांच्या अंतरासाठी पहिला अनुनाद सुमारे ५६ हर्ट्झवर, तर बारा फुटांसाठी सुमारे ४७ हर्ट्झवर येतो. खोलीची रुंदी आणि उंची दोन्ही दहा फूट असल्यास दोन अनुनाद एकाच जागी पडून घुमारा वाढतो. हा घुमारा ऊब नव्हे; तो मधल्या स्वरांवर पसरून शब्द अस्पष्ट करतो. पेठांतील जुन्या वाड्यांमध्ये लाकडी तक्तपोशी स्वतः कंप पावून खर्जाचा काही अंश शोषते; सिमेंट काँक्रीटच्या सदनिकांमध्ये ही सोय नसते.

स्पीकरची जागा

स्पीकर भिंतीजवळ नेल्यास खर्जाचे बळ वाढते. एका भिंतीमुळे ही वाढ तत्त्वतः ६ डेसिबलपर्यंत असू शकते. कोपऱ्यात ती आणखी वाढते. याउलट, मागील भिंतीवरून परतणारा आवाज विशिष्ट वारंवारतेला मूळ आवाजाशी विरुद्ध कलेत येऊन त्याला क्षीण करतो. स्पीकरचा दर्शनी भाग भिंतीपासून दोन फुटांवर असल्यास ही वारंवारता सुमारे १४० हर्ट्झ येते. हा जवळजवळ 'काळी एक'चा षड्जच होय. अशा मांडणीत पुरुष गायकाचा आधारस्वरच पातळ होतो. स्पीकर साडेतीन फुटांवर नेल्यास तीच वारंवारता सुमारे ८० हर्ट्झपर्यंत उतरते. यासाठी खर्च लागत नसल्याने उपकरणे बदलण्यापूर्वी जागा बदलून पाहणे उचित ठरते.

उपकरणे व स्वरनियंत्रण

* व्हॉल्व अ‍ॅम्प्लिफायर: काही रचनांमध्ये, विशेषतः एकनलिकीय प्रकारात, दुसऱ्या क्रमांकाचा उपस्वर अधिक मिसळतो. तो मूळ स्वराच्या वरच्या सप्तकात असल्याने विसंवादी वाटत नाही. उच्च निर्गम रोधामुळे स्पीकरनुसार स्वरांचा समतोलही बदलतो.
* स्वरनियंत्रण: पीटर बॅक्सँडॉल यांनी १९५२ मध्ये प्रसिद्ध केलेला बास-ट्रेबल मंडल पुढे सर्वत्र रूढ झाला.
* लाउडनेस कळ: मंद आवाजात कानाची खर्जाविषयीची संवेदनशीलता घटते, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवले. शेजाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून हळू ऐकताना संच पातळ वाटण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.
* देखभाल: स्पीकरच्या शंकूभोवतीची फोमची कड आणि अ‍ॅम्प्लिफायरमधील इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर कालांतराने निकामी होतात. बुधवार पेठेतील तापकीर गल्ली ही इलेक्ट्रॉनिक वस्तूंची शहरातील परिचित बाजारपेठ आहे.

जुनी ध्वनिमुद्रणे

विद्युत ध्वनिमुद्रण १९२५ मध्ये व्यवहारात आले. त्यापूर्वी कर्ण्याद्वारे केलेल्या मुद्रणात खालचे स्वर फारसे उमटत नसत. त्यामुळे त्या काळातील गायकांचे आवाज प्रत्यक्षाहून पातळ भासतात. नोंदलेच न गेलेले स्वर संच बदलून परत मिळत नाहीत. तबकड्यांच्या स्वरसमतोलाचे आरआयएए प्रमाण १९५४ मध्ये आले. त्याआधीच्या तबकड्या याच प्रमाणाने वाजवल्यास समतोल बिघडू शकतो. जुन्या तबकड्यांतून निवृत्त झालेल्या किंवा दिवंगत गायकांचा खरा आवाज कसा होता, याविषयी पुढील पिढ्यांची समजूत बनते, म्हणून ही बाब केवळ चैनीची राहत नाही.

मतभेद

एका मतानुसार संचाने मुद्रणात आहे तेच ऐकवावे. उबेसाठी घातलेला प्रत्येक रंग हा मुद्रणाशी बेइमानी होय. दुसऱ्या मतानुसार घरची खोली ही ध्वनिमुद्रण कक्ष नसल्याने काही भरपाई अपरिहार्य आहे. ब्रुएल अँड केअर कंपनीतील हेनिंग म्यॉलर यांनी १९७४ मध्ये खर्जाकडून वरच्या स्वरांकडे हळूहळू उतरणारा आलेख घरगुती श्रवणासाठी सुचवला होता. या दृष्टीने संतुलित संच खोलीत स्वभावतःच किंचित उबदार ऐकू येतो. त्यामुळे ऊब 'घालण्या'पेक्षा ती हरवण्याची कारणे दूर करणे, हा दोन्ही मतांना जोडणारा मार्ग ठरतो.

हे सुद्धा पहा

* तानपुरा
* ध्वनिमुद्रण
* निनादकाल
* सवाई गंधर्व संगीत महोत्सव