किंबर्ली : उद्रेकाआधीचे 10 तास

स्थळ आजच्या दक्षिण आफ्रिकेतले किंबर्ली. काळ सुमारे 9 कोटी वर्षांपूर्वीचा. खालच्या वेळा 150 किलोमीटर खोली आणि सेकंदाला 4 मीटर वेग धरून काढल्या आहेत.

10 तास 25 मिनिटे आधी. खोली 150 किलोमीटर. दाब वातावरणाच्या 45 हजार पटींहून जास्त. हिरे इथे सुमारे 3 अब्ज वर्षे आहेत. कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याने भरलेला शिलारस खडक फोडून वर निघतो.

10 तास आधी. 144 किलोमीटर. शिलारस भेगेच्या भिंतींचे तुकडे तोडून सोबत नेतो. काही तुकड्यांत हिरे आहेत.

9 तास आधी. 130 किलोमीटर. दाब उतरला, उष्णता उतरलेली नाही. इथून वर कार्बनचे टिकाऊ रूप म्हणजे ग्रॅफाइट. उशीर झाला तर हिरा हिरा राहणार नाही.

5 तास आधी. 72 किलोमीटर. भेग जेमतेम मीटरभर रुंद. अशा कितीतरी भेगा वाटेतच गोठतात. ही गोठत नाही. गिळलेल्या खडकामुळे शिलारसात सिलिका वाढते, कार्बन डायऑक्साइड त्यात मावेनासा होतो आणि वायू सुटून शिलारस हलका होतो, असे मानले जाते.

2 तास 45 मिनिटे आधी. 40 किलोमीटर. भूकवचाचा तळ. खडक तडकतो. वर डायनोसॉरांचे युग चालू आहे.

8 मिनिटे आधी. 2 किलोमीटर. वरचे ओझे कमी होताच वायू झपाट्याने फुगतो. वेग आता 4 मीटरच्या कितीतरी पुढे. जमीन हादरते. त्या हादऱ्याचा अर्थ लावील असा जीव पृथ्वीवर नाही.

शून्य. जमीन फुटते. खडक, राख, वायू आकाशात जातात. खाली उभी, निमुळती नळी उरते. फुगणाऱ्या वायूने शिलारस निवतो आणि हिरे बदलण्याआधीच थंड होतात.

9 कोटी वर्षांनंतर. वरचा भाग झिजून गेला आहे. 1871 मध्ये खोदाई सुरू होते, 1914 मध्ये थांबते. सुमारे 2 कोटी 25 लाख टन माती-दगडातून 2,720 किलो हिरे.

मोरोक्कोत बेनी बुसेरा इथले असेच खोलातले खडक सावकाश वर आले. त्यांत हिऱ्याच्या अष्टफलक आकाराचे स्फटिक सापडतात. ते सगळे ग्रॅफाइट आहेत. किंबर्लीचे हिरे वाचले, कारण त्यांना आणणारा उद्रेक थांबला नाही.