शेण चुलीत की रोपाच्या पिशवीत?

शेणाचा इतिहास सांगायचा म्हटलं की सभागृहात थोडं हसू येतं, ते आत्ताही आलं. पण ऐन, हिरडा, बेहडा यांची रोपं कुजलेल्या शेणखतावर वाढवायची, ही साधी गोष्ट एका जुन्या प्रश्नाशी येऊन अडते: शेण जाणार कुठे, चुलीत की मातीत?

१८८९ साली जॉन ऑगस्टस व्होल्कर हे इंग्रज रसायनतज्ज्ञ भारतात आले आणि वर्षभर फिरले. १८९३ मध्ये त्यांचा अहवाल छापून आला. शेतकरी गोवऱ्या थापतो तो अडाणीपणामुळे, हे काही त्यांना पटलं नाही. सरपण नाही म्हणून शेण जळतं, असं त्यांचं म्हणणं. गावाजवळ सरपणाची, चाऱ्याची राखीव राने करा, शेण शेतात परतेल. म्हणजे शेण वाचवायला झाडं! आपण आज उलट्या टोकाकडून आलोय, झाडं वाढवायला शेण.

आता होळकरांच्या इंदुरात जाऊ. तिथे १९२४ मध्ये अल्बर्ट हॉवर्ड यांची इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री सुरू झाली. कंपोस्टची 'इंदूर पद्धत' तिथली, आणि तिच्यावरचं १९३१ चं पुस्तक दोघांच्या नावावर आहे, हॉवर्ड आणि यशवंत वाड. हॉवर्ड जगभर गाजले. वाडांचं नाव मराठी माणसांपैकी तरी किती जणांनी ऐकलंय?

या दोघांनी चूल गृहीत धरली, हे आम्हाला फार मोलाचं वाटतं. थोडं शेण जळणारच. मग उरलेलं विरजणासारखं वापरायचं: काडीकचरा, पालापाचोळा, गोठ्यातली गोमूत्र मुरलेली माती, राख, आणि त्यात शेण. खड्डा उथळ, दोनेक फूट. ढीग तीन वेळा उलथायचा, तीनेक महिन्यांत खत तयार.

पद्धत शेतीसाठी होती, पण रोपवाटिकेला तिचा धडा जास्त लागू पडतो. ताजं शेण पिशवीत तापतं, कोवळी मुळं करपतात. हुमणी येते. शिवाय वेडी बाभूळ! तिच्या शेंगा गुरं खातात, बिया शेणातून धडधाकट बाहेर पडतात. लावायचा हिरडा आणि उगवायची वेडी बाभूळ. ढिगाच्या पोटातली धग बहुतेक बिया मारते, कडेच्या मात्र वाचतात. म्हणून तर उलथायचं.

१९७६ मध्ये राष्ट्रीय कृषी आयोगाने सामाजिक वनीकरणाचा पुरस्कार केला. गावाला सरपण मिळावं, शेण जाळणं थांबावं, हा त्यातला एक हेतू, म्हणजे व्होल्करच पुन्हा. झाडं मात्र बरीचशी लावली गेली ती नीलगिरी आणि सुबाभूळ, कारण ती झटपट वाढतात. हिरड्याचं रोप रमतगमत वाढतं, पिशवीत जास्त दिवस राहतं, रोजच्या पाण्याबरोबर पोषण निथळून जातं. अशा रोपाला मुरलेलं खत हवंच, पण बेतानं. फार घातलं तर रोप नुसतं लकलकीत उंच होतं आणि माळावर पहिल्या उन्हाळ्यात मान टाकतं.

आज घरोघरी गॅस आलाय, गोवऱ्या कमी झाल्यात. पण ट्रॅक्टर आल्यापासून दावणीचे बैलही कमी झाले. रोपवाटिका आता शेणखत ट्रॉलीने विकत घेतात, आणि त्यात अर्धकच्चा माल सर्रास येतो. ट्रॉली आली की हात खोल घालून बघा. आत ऊब लागली, शेणाचा पो अजून ओळखू येत असला, तर पिशव्या भरायची घाई करू नका.